आधी मुरमुरे, मग पेन

यवतमाळात पेन विकत घ्यायचं असेल तर आधी मुरमुरे खावे लागत. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माझ्याकडे संशयानंच पाहिलं आहे. पण निदान बाजार चौकातल्या गुलाबकाकांच्या दुकानात तरी हाच कायदा होता, आणि तो कलेक्टरपासून कोतवालापर्यंत सगळ्यांना सारखा लागू होता.

मी मूळचा नाशिकचा. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि आमच्यासारख्या कारकुनांच्या बदल्यांसाठी साहेब लोकांना एकदम नवा मुलूख मोकळा झाला. माझ्या वाट्याला यवतमाळ आलं. दोन ट्रंका, एक वळकटी आणि बदलीवर मनापासून चिडलेली सौभाग्यवती घेऊन मी तिथं उतरलो. उतरल्या दिवशीच तिथल्या उन्हानं माझ्या खिशातलं पेन पाझरलं. सदऱ्यावर छातीच्या डाव्या बाजूला हा एवढा निळा डाग. कचेरीतल्या शिपायानं डाग पाहिला आणि म्हणाला, "गुलाबकाकाकडे जा साहेब. पण पोट भरून नोका जाऊ."

त्याचा अर्थ मला दुकानात गेल्यावर कळला. दुकान म्हणजे एक फळी. फळीवर काचेची पेटी, पेटीत पेनं, मागे भिंतीला टाकांच्या जुड्या आणि शाईच्या पुड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध पन्नाशीचे, काळी टोपी घातलेले, परीक्षकाच्या चेहऱ्याचे काका. मी म्हटलं, "एक चांगलंसं पेन दाखवा." त्यांनी पितळी ताटली माझ्यापुढे सरकवली. ताटलीत मुरमुरे, फुटाणे, वरून कांदा.

"खा."

"अहो, मला पेन हवंय."

"खा न बाप्पा. हात पाहू द्या."

भर बाजारात, उभ्यानं, मी मुरमुरे खाल्ले. काका माझ्या बोटांकडे असे पाहत होते की मला घास कसा धरतात तेच आठवेना. दोन-तीन बकाणे झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"चिमटी हाये. जात चांगली हाये. पण करंगळी उभी राह्यते तुमची."

"मग?"

"मंग काही नाही. करंगळी उभी राह्यते तो माणूस बायकोले भेते." आणि त्यांनी बारीक निबचं एक हिरवं पेन काढून माझ्या हातात ठेवलं.

मी घरी येऊन हा अपमान तिखटमीठ लावून सौभाग्यवतीला सांगितला. तिनं शांतपणे विचारलं, "यात खोटं काय सांगितलं त्यांनी?" यवतमाळात आल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पुढे आम्हाला बिऱ्हाडही काकांच्याच घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत मिळालं, त्यामुळे माझ्या करंगळीवर त्यांची कायमची नजर राहिली.

काकांचं म्हणणं सोपं होतं. माणूस घास जसा धरतो तसंच पेन धरतो, आणि पेन जसं धरतो तसाच जगात वागतो. "तोंड काहीही बोलन," ते म्हणत, "बोटं चुगली करते, भाऊ." पेन हातात दिलं की माणूस सावध होतो, शाळेतल्या छड्या आठवून बोटं नीट करतो. खाताना मात्र कोणी सोंग करत नाही. म्हणून आधी मुरमुरे.

त्यांनी हातांच्या जाती पाडल्या होत्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही झाली चिमटी. ही सगळ्यांत वरची जात, हिशोबी आणि शब्दाला जागणारी. बोंडातून कापूस ओढावा तशी पाचही बोटांची टोकं जुळवून धरणारे ते वेचणीवाले. माणसं कष्टाळू, पण उतावीळ. त्यांना जाड निब. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात पेन अडकवणारे ते विडीवाले. यांत वकील, दलाल आणि निवडणुकीला उभे राहणारे सगळे आले. त्यांना काका पेन देत, पण तोंड फिरवून. आणि शेवटची जात मुठ्यांची. बैल हाकायची तुतारी धरावी तसं हे लोक मुठीत पेन धरत आणि मुठीनंच खात. मुठ्याला काका पेन देतच नसत. "पेन्सिल घेऊन जा," म्हणत. "मुठ्याच्या हाती निब आठवडाभर टिकत नाही, अन् संसार वर्षभर. मुठ्याले मी पेन देत नाही, पोरगी त लांबच राह्यली."

हे शास्त्र वरचेवर तोंडावर आपटे, पण त्यानं काकांचं काही बिघडत नसे. एकदा पांढऱ्या धोतरातला एक गृहस्थ मुरमुरे खाऊन गेला. काकांनी त्याच्या चिमटीचं इतकं कौतुक केलं की शेजारचा कापडवाला उठून पाहायला आला. तो गृहस्थ गेला आणि त्याच्याबरोबर पेटीतलं सगळ्यांत भारी पेनही गेलं. कापडवाला पोट धरून हसला. काका जराही डगमगले नाहीत. "चोरलं न? मंजूर. पण कसं चोरलं, पाह्यलं का? तीन बोटानं! पेटीवर वरखडा नाही."

त्या वर्षांत गावात बाहेरचे लोक फार आले, आणि काकांच्या शास्त्राला त्यांनीच खरा घाम फोडला. टेलिफोनच्या कामावर मद्रासकडचा एक इंजिनीअर होता. त्यानं मुरमुऱ्यांवर पाणी शिंपडून सगळा ऐवज तळहातात घेतला, लाडू वळला आणि टाकला तोंडात. काकांनी ताटली मागे ओढून घेतली. शेवटी म्हणाले, "याले बोटंच नाही लागत. हा हातानं नाही, हातभर खाते." मुंबईकडून आलेल्या एका साहेबानं तर ताटली पाहिली, खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला, आणि चमच्यानं मुरमुरे खाल्ले. मी स्वतः तिथं होतो. काकांनी हात जोडले. "साहेब, चमच्याले कोणतं पेन द्यावं, हे मले माहीत नाही. तुम्ही अमरावतीले पाहा."

पण खरी कमाल केली ती चिनी फेरीवाल्यानं. सायकलवर रेशमी कापडाचे गठ्ठे बांधून गावोगाव फिरणारा हा माणूस त्या काळी अधूनमधून यवतमाळात येई आणि झकास हिंदी बोले. त्यालाही पेन हवं होतं. ताटली पुढे आल्यावर त्यानं आमच्यासारखी हुज्जत घातली नाही. आपल्या जेवणाच्या डब्यातून बांबूच्या दोन काड्या काढल्या, एका हातात धरल्या, आणि एकेक फुटाणा टिपून तोंडात टाकू लागला. मुरमुरा नव्हे, फुटाणा! काका फळीवरून उतरून बाहेर रस्त्यावर आले. गिऱ्हाइकासाठी ते उतरल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. "एका हातात दोन पेनं," ते मला सांगत होते, "अन् दोन्ही हालते! आपण एकच धरतो अन् केवढी मिजास करतो!"

त्या दिवसापासून काका घरी दोन टाक घेऊन जेवायला बसू लागले. भाकर सुटायची, भाजी धोतरावर, वांग्याची फोड एकदा माझ्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंत आली. काकांचं पोट आत गेलं, पण फुटाणा काही उचलेना. आणि एके दिवशी त्यांच्या मुलीनं, सुमननं, त्यांच्या हातातून ते दोन टाक काढून घेतले, एक फुटाणा अलगद उचलला आणि बापाच्या जिभेवर ठेवला. काकांनी ही गोष्ट सगळ्या बाजाराला सांगितली. फक्त कोणत्या हातानं, ते सांगितलं नाही.

सुमन डावखुरी होती. लिहायची डाव्यानं, शिवायची डाव्यानं, आणि घरात, कोणी परकं नसलं की, जेवायचीही डाव्यानंच. मॅट्रिक झालेली, हसरी, भराभर बोलणारी मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. काकांनीच तिला वाढवलं, वेणी घालण्यापासून. शाळेत मास्तर तिच्या डाव्या हातावर रूळ मारतात हे कळल्यावर काका दुकान उघडं टाकून शाळेत गेले होते. मास्तरांपुढे पाटी ठेवून म्हणाले होते, "तुम्ही डाव्या हातानं लिहून दाखवा. जेवढी अक्षरं वाकडी येईन तेवढे रूळ मी तुम्हाले मारतो, अन् हिशोब बरोबर करू." त्यानंतर तिच्या हाताला कोणी हात लावला नाही. काकांनी तिच्यासाठी एक पेन मुद्दाम तयार केलं. त्याची निब दगडावर उलट्या बाजूनं घासून घासून अशी उतरती केली की डाव्या हाताखाली ती लोण्यासारखी चालायची.

पण काकांच्या जातींमध्ये डाव्या हाताला जागा नव्हती. मी एकदा खोडसाळपणे विचारलं, "काका, डावखुऱ्यांची जात कोणती?" ते म्हणाले, "ते खातं वेगळं हाये," आणि पेनं पुसायला लागले. पुसलेलीच पेनं पुन्हा पुसत होते.

कारण सुमनचं लग्न अडलं होतं ते याच हातावरून. तेव्हा मुलगी पाहायला आले की चालायला सांगत, सुईत दोरा ओवायला सांगत, आणि शिकलेली असली तर कागदावर नाव लिहायला सांगत. सुमन चालायची छान. दोरा ओवायला घेतला की बायका एकमेकींकडे पाहायच्या. पेन हातात घेतलं की बैठकीत गारठा पसरायचा. "अक्षर मोत्यासारखं हाये," कोणीतरी म्हणे, "कळवतो आम्ही." यांनी कळवलंय कधी कुणाला!

आणि जे कोणी हाताकडे कानाडोळा करायला तयार होत, त्यांना काका नापास करत. दारव्ह्याचा एक मुलगा आमच्या सौभाग्यवतीला फार आवडला होता. काकांनी त्याला पोहे खाताना पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, "विडी." संपलं. आर्णीकडचा एक होता, त्याच्या घासातून शितं सांडत होती. "ज्याच्या हातातून भात गळते, त्याच्या हातात मी पोरगी देऊ?"

काकांची मोठी बहीण, गिरजाआत्या, लोहाऱ्याला राहायची. दर सोमवारी येऊन ती भावाची हजेरी घेई. "एक बाजू हात पाहून नाही म्हणते, दुसरी बाजू घास पाहून नाही म्हणते. पोट्टी काय जनमभर तुह्ये पेनं पुसन? तुले काय, भाकर टाकून देणारी घरात हाये!" हे शेवटचं वाक्य आलं की काका उठून टोपी शोधू लागत.

असं चाललेलं असताना बोरी अरबहून स्थळ आलं. पुंडलिकरावांचा मुलगा दिगंबर. मॅट्रिक, घरची कपाशी, तूर, विहीर, माणसं खाऊनपिऊन सुखी. गिरजाआत्यानं ते स्थळ मुठीत धरलं आणि दोन अटी घातल्या. पहिली सुमनला: नाव उजव्या हातानं लिहायचं. दुसरी गुलाबरावांना: तोंड उघडायचं नाही, ना घासावर ना बोटांवर.

काका म्हणाले, "पोरीनं खोटा हात दाखवायचा?"

"पाच मिनिटाचा खोटा हात. मंग जनमभर खरा दाखवन. चालते नवऱ्याले एकदा सवय झाली का."

काका सुमनकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "लिहितो ना बाबा. नाव त हाये एका ओळीचं." त्यांनी मान खाली घालून "बरं" म्हटलं. त्या दिवशी दुकानात त्यांनी कोणालाच मुरमुरे दिले नाहीत. आला त्याला मागेल ते पेन दिलं. बाजारात बातमी पसरली की गुलाबकाका आजारी आहेत.

सुमनचा सराव आमच्या खोलीत चाले. उजव्या हातात पेन्सिल धरून ती जीभ दातांत चावून नाव लिही. आधी ते नाव मुंगी शाईतून चालत गेल्यासारखं दिसे. हळूहळू मुंगीला दिशा सापडली. सौभाग्यवती तिचा हात धरून गिरवून घेई. मध्येच दोघी हसत सुटायच्या. एकदा मात्र सुमन हसता हसता थांबली आणि म्हणाली, "वहिनी, हेही स्थळ गेलं न, त बाबा पेनं विकणं बंद करन. मले म्हणाले नाही, पण मले माहीत हाये." त्यानंतर आम्ही सरावात थट्टा केली नाही.

पाहुणे आले त्या दिवशी घरात चमचे आमचे होते, कारण काका तत्त्व म्हणून घरात चमचा ठेवत नसत. सरकारी नोकर म्हणून बैठकीला वजन यावं यासाठी मलाही कोट घालून बसवलं होतं. पुंडलिकराव भारदस्त, कमी बोलणारे. दिगंबरचे मामा त्याची भरपाई करणारे. दिगंबर काळासावळा, रुंद खांद्यांचा, आणि बैठकीत आल्यापासून सतरंजीकडे पाहणारा.

पोहे आले. मामांनी चमचा घेतला, पुंडलिकरावांनी बाजूला ठेवून चिमटीनं सुरुवात केली. मी काकांकडे पाहिलं. चेहरा जरा उजळला होता. मग दिगंबरनं चमचा उचलला. मुठीत. अंगठा वर, चार बोटं खाली, कोपर बाहेर, आणि मातीत फावडं घालावं तसा त्यानं तो चमचा पोह्यांत घातला.

अशी मूठ मी आयुष्यात पाहिली नव्हती. काकांच्या सगळ्या शास्त्रात सांगितलेला मुठ्या, साक्षात, आमच्या घरचा चमचा धरून बसला होता. काका माझ्या कानाशी आले आणि नुसत्या श्वासानं बोलले, "नापास." गिरजाआत्यानं आतल्या दारातून डोळे वटारले. काकांचा पाय मात्र हलत राहिला.

मग सुमन आली. बसली. तिच्यापुढे पाट, पाटावर कागद, डाव्या बाजूला चहाच्या कपांचा ट्रे. मामा म्हणाले, "नाव लिहा पाहू बाई." तिनं पेन उजव्या हातात घेतलं. आत्यानं सुटकेचा श्वास सोडला, तो आम्हाला बाहेर ऐकू आला.

पेन चालेना. सुमननं पुन्हा टेकवलं. कर्रर्र असा आवाज झाला, कागदावर ओरखडा उठला, शाई नाही. तिसऱ्यांदा टेकवलं तर वाटाण्याएवढा डाग पडला. तिचे कान लाल झाले. सराव सगळा पेन्सिलीनं झाला होता, आणि पेन कोणतं ठेवायचं हे कोणालाच सुचलं नव्हतं. आत्यानं घरातलं सगळ्यांत सुंदर पेन म्हणून सुमनचंच पेन पाटावर ठेवलं होतं.

मामा मोठ्यानं हसले. "पेनवाल्याच्या घरचंच पेन बिघडलेलं! दुकानात असेच इकता का हो?"

आत्याची अट तिथं मोडली. मुलीच्या बापाला सगळं सहन होतं, पण काका मुलीच्या बापाआधी पेनवाले होते. ते ताडकन उठले.

"बिघडलेलं? माह्या हातानं घासलेली निब हाये ते! जिल्ह्यात असं पेन नाही! हे पेन बिघडलं नाही, हे पेन डाव्या हाताचं हाये!"

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. आतून आत्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. काका उभे होते तसेच उभे, तोंड अर्धं उघडं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं. एवढ्या वर्षांत बाजारात कोणी कधी न पाहिलेली गोष्ट होती ती.

सुमननं बापाकडे पाहिलं. मग पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. कागद तिरका केला आणि लिहायला वाकली, तर तिचं कोपर ट्रेला लागलं. कप खणखणले. ती अवघडली, हात अंगाशी ओढून घेऊन लिहू पाहू लागली.

दिगंबरनं हात पुढे केला. तोच तो, मुठीचा. पूर्ण ट्रे, चहाच्या भरल्या कपांसकट, त्या मुठीत उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. सतरंजीकडे पाहतच म्हणाला, "लिहा आता."

तिनं लिहिलं. पेन लोण्यासारखं चाललं.

मामा हार मानणाऱ्यांतले नव्हते. "अक्षर चांगलं हाये, पण डावखुरी पोरगी म्हणजे… पुंडलिकराव, देवाले हळदीकुंकू डाव्या हातानं वाहीन का ही?"

पुंडलिकरावांनी मुलाकडे पाहिलं. मांडीवर सांडलेला चहा सोसत दिगंबर म्हणाला, "वाहू द्या न मामाजी. डावीचा बैल उजवीले जुंपला त नांगराचं तास वाकडं जाते. दोन्ही बाजूचे लागते."

मुलगी पाहायला येऊन तिची बैलाशी बरोबरी करणारा नवरा मुलगा जगात दुसरा झाला नसेल. आत्या आत मटकन बसली. सुमननं तोंडाला पदर लावला, पण तिला हसू आवरेना, आणि ती हसली म्हणून पुंडलिकरावही हसले. "पोरगी आमाले पसंत हाये," ते म्हणाले. "तुमचं सांगा."

सगळे काकांकडे पाहू लागले. मुठ्याला पोरगी देणार नाही हे त्यांनी साऱ्या यवतमाळाला ऐकवलेलं होतं. शास्त्र राहतं की लग्न, एवढाच प्रश्न होता. काका दिगंबरच्या मांडीवरच्या ट्रेकडे पाहत होते. मग त्यांनी जाऊन तो ट्रे स्वतः उचलून घेतला.

"पसंत," ते म्हणाले. "पण जवाईबापू, पेन मी तुमाले देणार नाही. पेन्सिल घेऊन जा."

लग्न उन्हाळ्यात झालं. पंगतीत घास भरवताना दिगंबरच्या एका आजीनं "उजवा, उजवा" म्हणून ओरडा केला, तोवर सुमनचा डावा घास त्याच्या तोंडात गेलाही होता. काका मांडवात वाढत फिरत होते आणि लोकांच्या बोटांकडे ढुंकूनही पाहत नव्हते. कापडवाल्यानं मला विचारलं, "काय झालं हो याले?" मलाही सांगता आलं नाही. रात्रीच्या आत वऱ्हाड बोरी अरबला गेलं. सुमन मोटारीत चढताना काकांना बिलगली. ते तिला सारखं एवढंच सांगत होते, "निब उन्हात ठेवू नोको. निब उन्हात ठेवू नोको, बाई."

पुढे पावसाळ्यात सौभाग्यवती बाळंतपणाला माहेरी गेली. पहिल्याच रविवारी काकांनी दारातून हाक मारली, "ओ नाशिकवाले, या जेवाले. दोन भाकरी टाकल्या म्या."

काकांचं स्वयंपाकघर ऐसपैस होतं. चुलीपाशी दोन पाट मांडलेले. त्यांनी मला डाव्या बाजूच्या पाटावर बसवलं आणि आपण दुसऱ्यावर बसले. त्यांच्या उजव्या हाताला भिंतीपर्यंत सगळी जमीन मोकळी. भाकर जाडजूड, एका बाजूनं करपलेली. वांग्याची भाजी मात्र झणझणीत. आम्ही जेवू लागलो. एवढी वर्षं एका घरात राहून मी काकांना जेवताना असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते लोकांना पाहत आणि लोक त्यांना ऐकत.

काका विचित्रच जेवत होते. चिमटी निर्दोष, पण उजवं कोपर बरगडीशी घट्ट आवळलेलं. हात कोपरातून हलतच नव्हता. नुसतं मनगट वळवून, मान खाली आणून, ते घास तोंडात घेत होते. त्यात अर्धी भाजी ताटात परत पडत होती. गर्दीच्या पंगतीत दाटीवाटीनं बसलेला माणूस जसा जेवतो, तसं ते त्या मोकळ्या घरात जेवत होते.

त्यांच्याकडेच शिकलो होतो, तेव्हा मी परीक्षकाचा आवाज काढला. "काका, हात पाहू द्या. ही कोणती जात? कोपर कशाला आवळलंय एवढं? इथं काय जागा कमी आहे?"

त्यांनी आपल्या कोपराकडे पाहिलं. ते त्यांना त्या क्षणी पहिल्यांदाच दिसलं असावं.

"हे होय?" ते म्हणाले. "उजवीकडे सुमी बसते न. डावखुरी हाये, लहानपणापासून कोपर लागते तिचं. घास सांडते पोरीचा."

मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. चेहरा फिरवून त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. बोरी अरबच्या त्या मुठ्याला त्यांनी का पास केलं, हे मला आत्ता कळलं.

"जेवा न," काका म्हणाले. "भाजी हाये आणखी." त्यांनी कोपर मोकळं केलं, चांगलं ऐसपैस बाहेर काढलं, आणि एक घास घेतला. पुढच्या घासाला ते पुन्हा बरगडीशी जाऊन बसलं होतं.